म्हैसूर, कलकत्ता, मुंबई : विद्यापीठाची निवड आणि ज्ञानाची विभागणी

एखाद्या अभ्यासकाने दोन नामांकित विद्यापीठांपैकी एकाची निवड का केली, हा प्रश्न सामान्यतः चरित्रकाराच्या कक्षेतला मानला जातो. वेतन, प्रतिष्ठा, कौटुंबिक अडचणी, एखाद्या ज्येष्ठाचे निमंत्रण अशी कारणे नोंदवून चरित्रकार पुढच्या प्रकरणाकडे वळतो. परंतु अशा अनेक निवडी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या, तर व्यक्तींच्या हेतूंपलीकडची एक गोष्ट स्पष्ट होऊ लागते. कोणत्या विद्यापीठात कोणता प्रश्न विचारता येत होता, कोणत्या ठिकाणी त्या प्रश्नाला शास्त्राचे रूप मिळत होते आणि या दोन ठिकाणांमधील अंतर कोणाला, कोणत्या किमतीवर कापावे लागत होते, हे त्यातून समजते. या दृष्टीने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील म्हैसूर विद्यापीठाचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. या विद्यापीठातून अनेक विद्वान अन्यत्र गेले, काही अन्य ठिकाणांहून तेथे आले आणि काहींनी तेथेच राहणे पसंत केले. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना या तिन्ही प्रकारच्या निवडींमध्ये आपल्या विद्याशाखेचाच एक जुना पेच ओळखता येईल.

१

१९१६ पूर्वी म्हैसूर संस्थानातील विद्यार्थ्यापुढे विद्यापीठाच्या निवडीचा प्रश्न फारसा नव्हताच. म्हैसूरचे महाराजा कॉलेज आणि बंगळूरचे सेंट्रल कॉलेज या दोन्ही संस्था मद्रास विद्यापीठाशी संलग्न होत्या. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेली, मुख्यतः परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी होती. अध्यापन महाविद्यालयांत होत असे. अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका मात्र दूरच्या इलाख्याच्या राजधानीत ठरत. म्हैसूरचा विद्यार्थी म्हैसूरात शिके, पण त्याने काय शिकावे हे मद्रासेत ठरे.

या व्यवस्थेतूनच मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे शिक्षण झाले. १८८१ मध्ये सेंट्रल कॉलेजातून मद्रास विद्यापीठाची बी.ए. पदवी घेतल्यावर संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण घेण्यासाठी गेले आणि १८८३ मध्ये मुंबई विद्यापीठाची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यानंतरची त्यांची उमेदीची वर्षे मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात गेली. खडकवासला धरणावर १९०३ मध्ये बसविलेले स्वयंचलित दरवाजे महाराष्ट्रात आजही त्यांच्या नावाने ओळखले जातात. १९०९ मध्ये ते मुख्य अभियंता म्हणून संस्थानात परतले आणि १९१२ ते १९१८ या काळात दिवाण झाले. म्हणजे म्हैसूर विद्यापीठाच्या स्थापनेचा आग्रह ज्यांनी धरला, त्यांचे स्वतःचे शिक्षण मद्रास आणि मुंबई या दोन परक्या विद्यापीठांत विभागले गेले होते. संस्थान आपल्या हुशार मुलांना शिष्यवृत्ती देऊन बाहेर पाठवी आणि त्यांच्या कर्तृत्वाचा पहिला लाभ दुसऱ्या प्रांताला मिळे, हे त्यांच्याच आयुष्यात घडले होते.

२७ जुलै १९१६ रोजी म्हैसूर विद्यापीठ अस्तित्वात आले. महाराज चौथे कृष्णराज वडियार हे कुलपती झाले आणि एच. व्ही. नंजुंडय्या हे पहिले कुलगुरू. ब्रिटिश अंमलाखालील प्रदेशाबाहेर, एका संस्थानाने स्थापन केलेले हे देशातील पहिले विद्यापीठ होय. कलाशाखा म्हैसूरात आणि विज्ञानशाखा बंगळूरात अशी विभागणी करून दोन्ही महाविद्यालये विद्यापीठाचे घटक बनविण्यात आली. १९१७ मध्ये बंगळूरात अभियांत्रिकी महाविद्यालयही सुरू झाले. ज्या शिक्षणासाठी विश्वेश्वरय्यांना पुणे गाठावे लागले होते, ते आता संस्थानातच मिळू लागले. अध्यापक, अभ्यासक्रम आणि परीक्षा यांना एकाच छत्राखाली आणण्याचा हा प्रयत्न होता. शिवाय प्राच्यविद्येची एक समृद्ध परंपरा या विद्यापीठाला जन्मतःच लाभली. १८९१ मध्ये स्थापन झालेल्या म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयातील हस्तलिखितावरून आर. शामशास्त्री यांनी कौटिल्याच्या अर्थशास्त्राची संहिता १९०९ मध्ये प्रसिद्ध केली होती. नव्या विद्यापीठाकडे वय नव्हते, पण सांगण्यासारखे धन होते.

२

विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर पाच वर्षांच्या आतच निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला. सर्वपल्ली राधाकृष्णन १९१८ मध्ये मद्रास इलाख्याच्या शिक्षणखात्यातून म्हैसूरला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून आले. रवींद्रनाथांच्या तत्त्वज्ञानावरील त्यांचे पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले आणि समकालीन पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातील धर्मविचाराच्या प्रभावावरील ग्रंथ १९२० मध्ये. आशुतोष मुखर्जी यांच्या निमंत्रणावरून १९२१ मध्ये त्यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या मानस व नीतिशास्त्राच्या पंचम जॉर्ज अध्यासनाचा स्वीकार केला. म्हैसूर सोडताना विद्यार्थ्यांनी त्यांच्या गाडीचे घोडे सोडून ती स्वतः स्थानकापर्यंत ओढत नेली, ही हकिगत सर्वपरिचित आहे. तिच्या भावनिक बाजूचा पुष्कळ उल्लेख होतो. परंतु एवढ्या लोकप्रिय अध्यापकाला थोपवून धरण्याचे बळ या तरुण विद्यापीठात का नव्हते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

त्याचे उत्तर कलकत्त्याच्या घडणीत आहे. १९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने पदव्युत्तर अध्यापन महाविद्यालयांकडून काढून थेट स्वतःकडे घेतले. त्याच सुमारास देशभरातील विद्वानांना निरनिराळ्या अध्यासनांवर बोलावण्यात आले. चंद्रशेखर वेंकट रामन सरकारी हिशेबखात्यातील नोकरी सोडून भौतिकशास्त्राच्या पालित अध्यासनावर आले. पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागात काम केलेले देवदत्त रामकृष्ण भांडारकर १९१७ मध्ये प्राचीन भारतीय इतिहासाच्या कारमायकेल अध्यासनावर रुजू झाले आणि १९३६ पर्यंत तेथे राहिले. पुण्याच्या भांडारकर घराण्यातील विद्वानाने आपली अध्यापनाची कारकीर्द बंगालमध्ये व्यतीत करावी, ही घटना मराठी विद्याव्यवहाराच्या इतिहासातही दखल घेण्यासारखी आहे. १९१९ मध्ये कलकत्त्याने भारतीय देशी भाषांमध्ये एम.ए.चे अध्यापन सुरू केले. याचा अर्थ असा की, कलकत्ता विद्यापीठ त्या काळी एका प्रांताचे विद्यापीठ राहिले नव्हते. विद्वानाला त्याच्या विषयातील सहकारी आणि पदव्युत्तर विद्यार्थी दोन्ही पुरविणारे ते केंद्र बनले होते. राधाकृष्णन यांच्या भारतीय तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचे दोन्ही खंड, १९२३ आणि १९२७ मधील, कलकत्त्याच्या काळातच प्रसिद्ध झाले.

परंतु या घटनेची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. राधाकृष्णन ज्या अध्यासनावर गेले, ते ब्रजेंद्रनाथ सील यांनी मोकळे केले होते. आणि सील तेथून निघाले ते म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू होण्यासाठी. जवळजवळ एकाच वेळी दोन तत्त्वज्ञांनी परस्परविरुद्ध दिशांनी प्रवास केला. सील हे भारतातील तुलनापद्धतीच्या आद्य पुरस्कर्त्यांपैकी एक होत. वैष्णव व ख्रिस्ती धर्मविचारांची तुलना करणारा त्यांचा अभ्यास १८९९ चा आहे. समीक्षेवरील त्यांचे निबंध १९०३ मध्ये ग्रंथरूपाने आले. प्राचीन हिंदूंच्या भौतिक विज्ञानावरील त्यांचा ग्रंथ १९१५ चा. तुलना म्हणजे एका संस्कृतीला मापदंड मानून दुसरीचे मोजमाप घेणे नव्हे, तर दोन्हींना समान पातळीवर, आपापल्या विकासक्रमासह पाहणे, ही त्यांची भूमिका होती. डिसेंबर १९२१ मध्ये शांतिनिकेतन येथे विश्वभारतीचे औपचारिक उद्घाटन झाले, तेव्हा अध्यक्षस्थानी सील होते. १९३० पर्यंत ते म्हैसूरचे कुलगुरू होते. संस्थानाच्या राज्यघटनेत सुधारणा सुचविण्यासाठी १९२२-२३ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते.

या दोन प्रवासांना ‘चढती’ आणि ‘उतरती’ अशी नावे देणे सोपे आहे, पण ते योग्य ठरणार नाही. राधाकृष्णन यांना अध्यासन हवे होते. सील अध्यासन सोडून संस्था घडवायला गेले. एकाला आपल्या विषयाचा मोठा वाचकवर्ग कलकत्त्यात दिसला, तर दुसऱ्याला विद्यापीठाचा संपूर्ण आराखडा हाताळण्याची संधी म्हैसूरात मिळाली. मोठ्या विद्यापीठात विद्वानाला विषय मिळतो, पण संस्था आधीच घडलेली असते. लहान विद्यापीठात विषयाला सोबत कमी, परंतु संस्थेला आकार देता येतो. मात्र या देवघेवीचे दृश्य फळ सारखे नव्हते. कलकत्त्यात लिहिलेले ग्रंथ जगभर गेले. म्हैसूरात घडविलेले अभ्यासक्रम म्हैसूरच्या विद्यार्थ्यांच्या मनात राहिले. इतिहासाला ग्रंथ दिसतात, अभ्यासक्रम दिसत नाहीत.

३

न दिसणाऱ्या या अभ्यासक्रमाचा एक ठसा एम. एन. श्रीनिवास यांच्या रूपाने पाहता येतो. त्यांचा जन्म १९१६ मध्ये, विद्यापीठाच्या स्थापनेच्याच वर्षी, म्हैसूर शहरात झाला. महाराजा कॉलेजात त्यांनी सामाजिक तत्त्वज्ञान या विषयात ऑनर्सचे शिक्षण घेतले. या अभ्यासक्रमाची सूत्रे ए. आर. वाडिया या मुंबईहून म्हैसूरला आलेल्या पारशी तत्त्वज्ञाच्या हाती होती. त्यात नीतिशास्त्र, राजकीय विचार, समाजशास्त्र आणि मानवशास्त्र यांची सांगड घातलेली होती. एका विद्याशाखेचे तंत्र काटेकोरपणे शिकविण्यापेक्षा समाजाविषयी अनेक बाजूंनी विचार करण्याची सवय लावणे, हे त्या अभ्यासक्रमाचे वैशिष्ट्य म्हणता येईल.

१९३६ मध्ये पदवी घेतल्यावर श्रीनिवास मुंबईला गेले. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला होता आणि १९२४ पासून त्याची धुरा गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे होती. मालवणात जन्मलेले, संस्कृतचे पदवीधर आणि केंब्रिजहून परतलेले घुर्ये यांनी जातिसंस्थेवरील आपला ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध केला होता. इरावती कर्वे यांनी याच विभागात घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली एम.ए. केले होते. म्हैसूरने श्रीनिवासांना प्रश्नांची रुंदी दिली होती. मुंबईत त्यांना शास्त्राची चौकट, मार्गदर्शक आणि प्रबंधलेखनाची शिस्त मिळाली.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मुंबई विद्यापीठात सादर केलेल्या त्यांच्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय म्हैसूरमधील विवाह व कुटुंब हा होता; तो १९४२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. १९४४ च्या पीएच.डी. प्रबंधाचा विषय कोडगू प्रदेशातील कोडवा समाज. पुढे ऑक्सफर्डमध्ये रॅडक्लिफ-ब्राउन आणि इव्हान्स-प्रिचर्ड यांच्या मार्गदर्शनाखाली त्याच सामग्रीला नवे सैद्धांतिक रूप मिळाले आणि १९५२ च्या ग्रंथात ‘संस्कृतीकरण’ ही संकल्पना मांडली गेली. १९४८ मध्ये ज्या गावात त्यांनी क्षेत्रीय अभ्यास केला, ते ‘रामपुर’ या टोपणनावाने प्रसिद्ध झालेले गावही म्हैसूरच्याच परिसरातले. विद्यापीठे बदलली, सामग्रीचा प्रदेश बदलला नाही. म्हैसूरने जीवन पुरविले, मुंबईने शास्त्र आणि ऑक्सफर्डने सिद्धान्त, अशी ही विभागणी होती. साम्राज्याच्या काळात कच्चा माल एका ठिकाणी आणि कारखाना दुसऱ्या ठिकाणी असे. ज्ञानाच्या क्षेत्रातही काहीसे असेच घडत होते.

या विभागणीला छेद देणारी निवडही श्रीनिवासांनीच केली. १९५१ मध्ये ऑक्सफर्डमधील भारतीय समाजशास्त्राचे अधिव्याख्यातेपद सोडून ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आले. हे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झालेले, म्हणजे अवघे दोन वर्षांचे. हंसा मेहता तेथे कुलगुरू होत्या आणि प्र-कुलगुरूपदी होते ते म्हैसूरचे जुने गुरू वाडिया. कीर्ती हाच निकष मानला तर ही निवड उलटी वाटेल. परंतु ऑक्सफर्डमध्ये विषय शिकविता आला असता. बडोद्यात विषयाचा विभाग नव्याने उभारता आला. तीस वर्षांपूर्वी सील यांनी केलेल्या निवडीशी तिचे नाते स्पष्ट आहे. तसेच, संस्थानी राजाश्रयाच्या परंपरेतून उभी राहिलेली दोन विद्यापीठे, म्हैसूर आणि बडोदे, एका शिक्षकाच्या आणि एका विद्यार्थ्याच्या आयुष्यातून परस्परांना जोडली गेली, हेही नोंदविण्याजोगे आहे.

४

आतापर्यंत पाहिलेल्या निवडींमध्ये भाषेचा प्रश्न उघडपणे आलेला नाही, कारण या सर्वांचे ज्ञानव्यवहाराचे माध्यम इंग्रजी होते. इंग्रजीमुळेच कलकत्ता, मुंबई आणि म्हैसूर यांच्यामध्ये ये-जा शक्य झाली. परंतु ज्यांचे कार्यक्षेत्र साहित्य होते, त्यांच्यापुढे निवडीचे स्वरूप निराळे होते. मुंबई विद्यापीठाने एकोणिसाव्या शतकात उच्च परीक्षांमधून देशी भाषा काढून टाकल्या होत्या आणि त्यांच्या पुनःप्रवेशासाठी न्यायमूर्ती रानडे यांना दीर्घकाळ झगडावे लागले, हे मराठी वाचकांना परिचित आहे. म्हैसूर विद्यापीठात १९२७ मध्ये कन्नडचे एम.ए.चे वर्ग सुरू झाले. त्यामागे बी. एम. श्रीकंठय्य यांची प्रेरणा होती. ते स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि इंग्रजी भावकवितांची त्यांनी केलेली कन्नड रूपांतरे आधुनिक कन्नड कवितेचा प्रारंभबिंदू मानली जातात. परभाषेच्या अध्यापकाने स्वभाषेच्या विभागासाठी आग्रह धरावा, यात तौलनिक दृष्टीचे एक व्यावहारिक रूप दिसते.

कन्नडच्या या पदव्युत्तर वर्गाच्या पहिल्या विद्यार्थ्यांमध्ये के. व्ही. पुट्टप्प, म्हणजेच कुवेंपु होते. त्यांचा पहिला काव्यसंग्रह १९२२ मध्ये इंग्रजीतून निघाला होता. आयरिश कवी जेम्स कझिन्स यांनी त्यांना मातृभाषेत लिहिण्याचा सल्ला दिला आणि ते कन्नडकडे वळले. १९२९ मध्ये एम.ए. झाल्यावर त्याच विद्यापीठात ते अध्यापक झाले आणि १९५६ ते १९६० या काळात कुलगुरू. विद्यापीठाच्या नव्या परिसराला ‘मानसगंगोत्री’ हे नाव त्यांनी दिले. उच्च शिक्षणात कन्नड माध्यमाचा त्यांनी सातत्याने पुरस्कार केला. कुवेंपुंनी विद्यापीठ बदलले नाही, त्यांनी भाषा बदलली. आणि त्या निवडीने त्यांना म्हैसूरशी बांधून घेतले. जे ज्ञान कन्नडमध्ये निर्माण व्हायचे होते, त्यासाठी कलकत्ता किंवा मुंबई हे पर्याय म्हणून पुरेसे नव्हतेच.

त्यानंतरच्या पिढीत ए. के. रामानुजन यांचा मार्ग या दोन्हींपेक्षा वेगळा. १९२९ मध्ये म्हैसूरात जन्मलेले रामानुजन त्याच विद्यापीठातून इंग्रजीचे एम.ए. झाले. बेळगावच्या लिंगराज महाविद्यालयात आणि पुढे बडोद्यात त्यांनी इंग्रजीचे अध्यापन केले. बेळगाव त्या वेळी मुंबई राज्यात होते. मराठी आणि कन्नड एकाच बाजारात, कधी एकाच घरात बोलल्या जाणाऱ्या या परिसरात त्यांनी कन्नड लोककथा जमविल्या. १९५८ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भाषाविज्ञानाचा अभ्यास केला आणि १९५९ मध्ये ते अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात गेले. १९६३ मध्ये तेथे त्यांना पीएच.डी. मिळाली. इंग्रजी साहित्य म्हैसूरात, मौखिक कथा बेळगावात, भाषाविज्ञान पुण्यात आणि अनुवादाची कीर्ती शिकागोत, असा हा क्रम आहे. श्रीनिवासांप्रमाणेच येथेही सामग्रीचा प्रदेश आणि शास्त्राचा प्रदेश वेगळे राहिले. मात्र रामानुजन यांच्या उत्तरकालीन लेखनात लोककथेकडे केवळ सामग्री म्हणून पाहिलेले नाही. कथेच्या आत स्वतःचे काव्यशास्त्र असते, सांगणाऱ्या आजीबाईकडेही कथेविषयीचा विचार असतो, ही त्यांची धारणा होती. प्रवासाने निर्माण केलेली दरी त्यांनी लेखनातून भरून काढण्याचा प्रयत्न केला, असे म्हणता येईल.

५

या सर्व निवडी एकत्र पाहिल्यावर काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, ज्यांना ‘मोठी’ विद्यापीठे म्हटले गेले, त्यांचे मोठेपण प्रामुख्याने पदव्युत्तर अध्यापन, अध्यासने आणि मुद्रित ग्रंथ यांच्या व्यवस्थेत होते. म्हैसूरच्या पदवी अभ्यासक्रमाची गुणवत्ता त्या मापात मोजली गेली नाही. पण मुंबईचा विभाग ज्या विद्यार्थ्यामुळे पुढे नावाजला गेला, त्याची जिज्ञासा त्या अभ्यासक्रमातच घडली होती. २०१५ मध्ये भारत सरकारने शैक्षणिक संस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीची योजना जाहीर केली, तेव्हापासून विद्यार्थ्यांची निवड बहुतांशी आकड्यांच्या आधारे होऊ लागली आहे. विद्यार्थ्याच्या मनात प्रश्न कोठे रुजला, हे अशा क्रमवारीला सांगता येत नाही.

दुसरा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा आहे. एक प्रदेश जीवन पुरवील आणि दुसरा सिद्धान्त, ही विभागणी तौलनिक साहित्यातही रूढ झालेली आहे. संहिता मराठी किंवा कन्नड, चौकट मात्र अन्यत्र तयार झालेली, हा अनुभव या क्षेत्रातील प्रत्येक अभ्यासकाला आहे. तिचे मूळ केवळ वसाहतवादी विचारसरणीत शोधून भागणार नाही. विद्यापीठांच्या प्रत्यक्ष रचनेत, कोठे एम.ए.चा वर्ग होता आणि कोठे नव्हता अशा साध्या गोष्टींतही ते शोधावे लागेल.

तिसरा निष्कर्ष सील आणि श्रीनिवास यांच्या उलट दिशेच्या प्रवासांवरून निघतो. ही विभागणी अटळ नव्हती. १९२१ मध्ये कलकत्त्याचे अध्यासन आणि १९५१ मध्ये ऑक्सफर्डचे पद सोडून नव्या विद्यापीठाकडे जाणाऱ्यांनी सिद्धान्ताचे ठिकाण हलविता येते, असे मानून निवड केली. कुवेंपुंनी ते ठिकाण स्वभाषेतच उभारता येईल, असे मानले. त्यांना किती यश आले याचा हिशेब प्रत्येक विभागाच्या, प्रत्येक अभ्यासक्रमाच्या इतिहासातून स्वतंत्रपणे मांडावा लागेल. मराठीच्या संदर्भात असा हिशेब मांडताना मुंबई आणि पुणे यांच्याबरोबरच कलकत्ता, बडोदे, बेळगाव आणि म्हैसूर यांचीही दप्तरे उघडावी लागतील. कारण मराठी विद्वानांच्या निवडी आणि मराठी विद्यापीठांनी घडविलेले परप्रांतीय विद्वान यांचा इतिहास भाषावार प्रांतांच्या सीमेत मावणारा नाही.